ज्येष्ठांचा वेग मोजता, तर चुकाही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मोफत ‘स्मरणशक्ती तपासणी’ शिबिर झालं, त्याची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह आली होती. टॅबवर खेळ खेळल्यासारखी तपासणी, दहा मिनिटांत काम आणि लगेच हातात छापील अहवाल, असं कौतुकानं लिहिलं होतं. त्या शिबिरात मी स्वतः होते. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होईपर्यंत ‘प्रतिक्रिया काल’ (खूण मिळाल्यापासून उत्तर द्यायला लागणारा वेळ) हे प्रात्यक्षिक मुलांकडून करून घेतलं. त्यामुळे टॅबवर काय मोजलं जातंय ते मला बसल्या जागी समजत होतं. ते ज्या पद्धतीनं मोजलं जात होतं, ते पाहून मात्र फार वाईट वाटलं. नंतर त्या कागदांनी दोन घरांत काय केलं तेही पाहिलं, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे. थोडं लांबलं तरी कृपया काटछाट न करता छापावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. उत्तर द्यायला लागणारा वेळ मोजून मेंदूच्या कामाचा अंदाज घेणं हे थोतांड नाही. ही मानसशास्त्रातल्या जुन्या आणि कसाला उतरलेल्या मोजण्यांपैकी एक आहे. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढंच काम असेल तर तरुण माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. आवाजाला माणूस त्याहून थोडा लवकर प्रतिसाद देतो. दोन दिवे आणि दोन बटणं ठेवली, म्हणजे कोणता दिवा ते ओळखून त्याचंच बटण दाबायचं असलं, की वेळ वाढतो. फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये हीच वाढ वजाबाकीनं काढली आणि ओळखायला, निवडायला मनाला किती वेळ लागतो ते सांगायचा प्रयत्न केला. डोक्यात काय चाललंय ते बाहेरून घड्याळानं मोजता येतं, हा त्या काळी केवढा मोठा विचार होता! आमच्या प्रयोगशाळेत लाकडी पडदा होता, त्याच्या एका बाजूला प्रयोगकर्ता आणि दुसऱ्या बाजूला प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, बसायचा. ‘तयार’ म्हटल्यावर दिवा कधी एका सेकंदानं तर कधी तीन सेकंदांनी लावायचा, म्हणजे प्रयुक्ताला अंदाजानं बटण दाबता येत नाही. मधूनच ‘तयार’ म्हणायचं आणि दिवा लावायचाच नाही. त्यावरही कुणी बटण दाबलं, तर तो घाई करतोय हे कळायचं. सरावाच्या फेऱ्या आधी, त्या हिशेबात धरायच्या नाहीत. अठरा-एकोणीस वर्षांच्या धडधाकट पोरांसाठी आम्ही एवढं पथ्य पाळत होतो.

वयानुसार हा वेळ वाढतो हेही खरं आहे, आणि त्याला महत्त्व आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या परिसरातल्या ५६ वर्षांच्या सुमारे नऊशे लोकांचा प्रतिक्रिया काल इयन डीअरी आणि जेफ डेर यांच्या अभ्यासात वापरला गेला. पुढची १४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसलं की ज्यांचा वेळ जास्त होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ऑस्ट्रेलियात स्टीफन लॉर्ड यांनी वृद्धांच्या पडण्याचा धोका ओळखायला जी तपासणी तयार केली, तिच्यात नजर, पायाची ताकद, तोल यांच्या जोडीला हाताचा प्रतिक्रिया कालही आहे. घसरलेला पाय सावरायला जे क्षण मिळतात, ते असेच मोजावे लागतात. म्हणून माझं भांडण मोजणीशी नाही. ती चांगली आहे म्हणूनच ती नीट व्हावी असं मला कळकळीनं वाटतं.

आता शिबिरात काय झालं ते सांगते. टेबल खिडकीला पाठ करून मांडलं होतं असं आयोजकांना वाटत असेल, पण ऊन सरळ टॅबच्या काचेवर येत होतं. माझ्या ओळखीच्या एक आजी पुढे बसल्या. वय ७८, शिक्षण तिसरीपर्यंत. गल्लीतल्या बायकांची भिशी वर्षानुवर्षं त्याच चालवतात, कुणाचा हप्ता आला आणि कुणाचा राहिला हे वही न उघडता सांगतात. चष्मा घरी राहिला होता. तो आणलाय का, असं कुणी विचारलं नाही. हिरवं वर्तुळ आलं की उजवीकडे दाबायचं, निळं आलं की डावीकडे, असं तिथल्या मुलीनं भराभर सांगितलं आणि लगेच चाचणी सुरू केली. पहिलं वर्तुळ आलं. आजींनी बोट बटणाच्या वर नेलं, थांबल्या, मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, “दाबू ना बाळा?” मुलगी म्हणाली, “हो आजी, दाबा, पटकन दाबा.” मग त्यांनी दाबलं. बोटं कोरडी, आयुष्यभर भांडी-धुणी केलेली, काचेला पहिला स्पर्श कळलाच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. तोवर घड्याळ चालूच होतं. जवळजवळ प्रत्येक वर्तुळाला हेच. आधी मुलीकडे बघायचं, मग दाबायचं. एकही चूक नाही. मी मागे उभी राहून पाहत होते, त्यांनी एकदाही हिरव्याला डावीकडे बोट नेलं नाही.

अहवालात लाल पट्टा आला. ‘वयोगटाच्या तुलनेत मंद. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ कागद आजींच्या हातात दिलाच नाही, त्यांना घ्यायला आलेल्या मुलाकडे दिला. पुढच्या आठवड्यात मुलानं बँकेचं पासबुक आपल्याकडे घेतलं. भिशी शेजारच्या सुनेकडे गेली. वाईट हेतूनं कुणीच काही केलं नाही. मुलगा घाबरला होता, आईची फसवणूक होईल असं त्याला वाटलं. आजी मात्र गुरुवारच्या भजनाला येईनाशा झाल्या. मी घरी गेले तर म्हणाल्या, “माझं डोकं चालत नाही असं कागदावर आलंय गं बाई, चारचौघीत कशाला बसू?” पुढे मी मागे लागल्यावर घरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. घरच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या तपासल्या, तर झोपेची एक गोळी बरीच वर्षं चालू होती. ती त्यांनी हळूहळू कमी करायला घेतली. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी माणूस दिवसाही सुस्तावतो. थायरॉइड कमी पडलं, बी-१२ घटलं, मन खिन्न असलं, तरीही उत्तरं सावकाश येतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी उपचारांनी सुधारतात. लाल पट्टा छापणाऱ्या यंत्राला यातलं काहीच ठाऊक नसतं. पासबुक अजून मुलाकडेच आहे.

वर्गात मी दर वर्षी एक हकिगत सांगायची, ती इथे सांगणं मला भाग आहे. १७९६ साली इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन हे शाही खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचा मदतनीस डेव्हिड किनब्रुक दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून आकाशातला तारा सरकण्याची जी वेळ नोंदवायचा, ती मॅस्केलाइन यांच्या नोंदीहून सुमारे ०.८ सेकंदानं मागे पडायची. कान लंबकाच्या टकटकीकडे आणि डोळे ताऱ्याकडे, असं ते काम. सुधार म्हणून सांगितलं, सुधारलं नाही, आणि किनब्रुकची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी ही नोंद वाचली, इतर नामवंत निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की त्या नामवंतांच्याही वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येकाची आपापली ठरावीक तफावत असते. ती दोष म्हणून न धरता हिशेबात घ्यावी लागते. हे कळेपर्यंत किनब्रुकची नोकरी जाऊन दोन दशकं उलटली होती, आणि तो वारलाही होता. प्रतिक्रिया कालाच्या अभ्यासाची सुरुवातच एका माणसावर झालेल्या अन्यायातून झाली आहे, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं.

मिळालेल्या वेळेत नेमकं काय काय मिसळलेलं असतं, हे समजून घेतलं तर माझा मुद्दा पटेल. डोळ्यांनी दिसायला थोडा वेळ लागतो, हात हलायला थोडा वेळ लागतो. मधला वेळ निर्णयाचा. तो निर्णय तराजूसारखा असतो. पुरावा कणाकणानं एका पारड्यात पडत जातो, आणि पारडं पुरेसं झुकलं की माणूस ‘हेच’ म्हणून बटण दाबतो. आता उशीर झाला तर कारणं दोन असू शकतात. एक म्हणजे कण सावकाश पडताहेत. दुसरं म्हणजे कण नेहमीच्या वेगानं पडताहेत, पण पारडं पुष्कळ खाली गेल्याशिवाय हा माणूस ‘हो’ म्हणत नाही. पहिल्यात विचार मंदावलेला असतो, दुसऱ्यात माणूस सावध असतो. अमेरिकेतल्या रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये हे गणितात मांडलं. नंतर अंजली थापर आणि गेल मकून यांच्यासह तरुण आणि वृद्ध यांची तुलना केली. अनेक कामांमध्ये असं दिसलं की वृद्धांचा पुरावा गोळा करण्याचा वेग तरुणांच्या जवळपासच असतो. त्यांचा वेळ वाढतो तो सावधपणामुळे आणि डोळे-हात यांच्या कामामुळे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास १२ लाख लोकांच्या उत्तरांवर हेच गणित चालवलं. उत्तर द्यायचा वेळ विशीपासूनच वाढू लागतो, पण त्यातला विचाराचा वेग साधारण साठीपर्यंत फारसा घटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे निष्कर्ष वेगळे काढता आले, कारण त्यांनी वेळेबरोबर बरोबर-चूक यांचाही हिशेब ठेवला. नुसत्या सरासरी वेळेवरून ते कळलंच नसतं.

आमच्या पिढीचा सावधपणा कुठून आला ते मी वेगळं सांगायला नको. नोटा दोनदा मोजल्याशिवाय पेटीत ठेवायच्या नाहीत, कागद वाचल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आजींसाठी तो टॅब दुसऱ्याची महागाची वस्तू होती. “दाबू ना बाळा?” या प्रश्नात त्यांचं सगळं वळण होतं, आणि यंत्रानं ते विचारशक्तीचा ऱ्हास म्हणून छापलं.

आता दुसरा कागद. माझ्या दृष्टीनं तो जास्त धोक्याचा आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आण्णा त्याच टेबलावर बसले होते. वर्तुळ आलं रे आलं की बोट पडायचं. उजवं, डावं, जे हाताशी येईल ते. बऱ्याच वेळा चुकलं. पण अहवालाच्या पहिल्या पानावर फक्त सरासरी वेळ, आणि तिच्या शेजारी हिरवा पट्टा. चुकांचा आकडा मागच्या पानावर बारीक अक्षरात होता आणि तो कुणी समजावून सांगितला नाही. जिना उतरताना त्यांच्या बायकोनं माझा हात धरला. “बाई, हे सकाळी दोनदा दूध आणतात. परवा नातवाला शाळेतून आणायला गेले आणि रस्ताच आठवेना म्हणून नाक्यावर उभे होते. पण कागद चांगला आलाय, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल ना?” तो हिरवा कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलाय. मी त्यांना न्यूरॉलॉजी (मेंदूविकार) विभागात दाखवायला सांगितलं, अजून नेलेलं नाही. यंत्रानं ठीक म्हटलंय ना, मग डॉक्टरांकडे कशाला, असं मुलांचं म्हणणं. ज्या घराला मदतीची खरी गरज होती, त्या घराचं तोंड त्या हिरव्या पट्ट्यानं बंद केलं. घाईनं दिलेलं चुकीचं उत्तर आणि सावकाश दिलेलं बरोबर उत्तर यांतला फरक ज्या अहवालात पहिल्याच पानावर दिसत नाही, तो अहवाल लोकांच्या हातात द्यायला कुणी परवानगी दिली?

सरासरीबद्दलही एक सांगायलाच हवं. समजा दोन बायकांनी प्रत्येकी चार वेळा बटण दाबलं. पहिलीचे वेळ ५८०, ६१०, ५९० आणि ६२० मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग). दुसरीचे ४२०, ४५०, ४८० आणि १०५०. दोघींची सरासरी ६०० च येते. पहिली एका चालीनं चालली आहे. दुसरी तीनदा झपाट्यानं चालली आणि चौथ्या वेळी कुठेतरी हरवली. कॅनडात डेव्हिड हल्ट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये तीन गट तपासले होते, निरोगी वृद्ध, संधिवात असलेले वृद्ध आणि डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) सुरुवातीच्या पायरीवरचे वृद्ध. एकाच माणसाच्या वेळांमधली ही वरखाली तिसऱ्या गटात स्पष्टपणे जास्त होती, सांधे दुखणाऱ्यांत तशी नव्हती. आपल्याकडच्या गुडघे-बोटं धरलेल्या मंडळींसाठी हा केवढा उपयोगाचा धागा आहे! दुखऱ्या हातामुळे झालेला उशीर वेगळा, आणि लक्ष निसटल्यामुळे झालेला उशीर वेगळा, हे एका कागदावर दाखवता येतं. टॅबमध्ये प्रत्येक दाबण्याचा वेळ साठलेला असतोच. तो छापण्याऐवजी रंग छापला गेला.

आयोजकांपैकी एकांना मी विचारलं की तुलना कुणाशी केली, ‘वयोगट’ म्हणजे कुठल्या लोकांचा? ते आंतरराष्ट्रीय आहे, सॉफ्टवेअरमध्येच असतं, असं उत्तर मिळालं. शाळेत न गेलेल्या, टॅबला पहिल्यांदाच हात लावणाऱ्या आमच्या बायकांची तुलना कदाचित आयुष्यभर संगणकावर काम केलेल्यांशी झाली असेल. यंत्रायंत्रातही फरक असतो. साध्या पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, म्हणजे तिथेच १६-१७ मिलिसेकंदांचा घोळ होऊ शकतो. काचेला स्पर्श कळायला लागणारा वेळ त्याहून बराच जास्त आणि प्रत्येक कंपनीच्या टॅबमध्ये निराळा. एकाच यंत्रावर एकाच माणसाची तुलना त्याच्याशीच केली तर यातलं पुष्कळसं आपोआप कटतं. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या दोन माणसांची केली तर कटत नाही.

आपल्या लोकांसाठी मोजपट्टी तयार करता येत नाही असं नाही. उत्तर भारतात बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही प्रश्नावली तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ज्या इंग्रजी चाचणीवरून बेतली, तिच्यात लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटायचे असतात. इथे तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि म्हणतो, माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा. चाचणी माणसाजवळ नेली, माणसाला चाचणीकडे ओढलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) स्मृती आणि विचारशक्तीच्या चाचण्यांचा संच तयार केला तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पाचांत मराठी नव्हती याची मला खंत वाटते. देशातल्या वृद्धांची सर्वांत मोठी पाहणी, ‘लासी’, जिच्यात ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली गेली, ती तर आपल्या मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं चालवली. तिच्याच पुढच्या भागातून भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये निघाला. एवढं ज्ञान, एवढी माणसं राज्यात असताना माणदेशातल्या, जावळीतल्या आजीला परक्या मोजपट्टीनं मोजायचं कारण काय? आपल्या विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांनी हे काम हातात घ्यावं. एम.ए.च्या मुलांना दर वर्षी लघुप्रबंधासाठी विषय हवेच असतात. शाळेत न गेलेले, चौथीपर्यंत शिकलेले, दहावी झालेले, असे गट करून गावोगावचे वेळ आणि चुका नोंदवल्या, तर काही वर्षांत आपल्याला आपली स्वतःची मोजपट्टी मिळेल.

तोवर शिबिरं घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आलेल्या माणसाचा चष्मा, कानाचं यंत्र बरोबर आहे का ते आधी विचारा. नसेल तर त्या दिवशी चाचणी घेऊ नका. कालची झोप कशी झाली, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे लिहून घ्या. टॅबच्या काचेऐवजी एखादं साधं मोठं बटण जोडलं तर कोरड्या बोटांचा प्रश्न उरत नाही. सरावाच्या फेऱ्या पुरेशा द्या, आणि समोरच्या माणसाचा संकोच जाईपर्यंत द्या. “विचारायचं नाही आजी, दिसलं की दाबायचं, हे तुमचंच समजा” एवढं एक वाक्य आजींना कुणी बोललं असतं तर त्यांचा कागद वेगळा आला असता. चुका वेळेच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. एका दिवसावरून कुणाला रंग देऊ नका. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा बोलवा, त्याच यंत्रावर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, आणि त्या माणसाचे आधीचे आकडे समोर ठेवून बघा. आधी एकसारखे येणारे वेळ आता वरखाली होताहेत का, पूर्वी न चुकणारा माणूस चुकू लागलाय का, हे घरातल्यांच्या निरीक्षणाबरोबर डॉक्टरांपुढे ठेवा. आणि कागद ज्याचा त्याच्या हातात द्या. मुलाला सांगायचं की नाही ते त्या माणसाला ठरवू द्या.

घरातल्या मंडळींनाही सांगायचं आहे. आई सावकाश बोलते, बाबा सुटे पैसे मोजायला वेळ घेतात, एवढ्यानं घाबरू नका. रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न थोड्या वेळानं पुन्हा विचारणं, आयुष्यभर सहज केलेलं काम, मग तो भिशीचा हिशेब असो की पुरणपोळीचा घाट, अर्ध्यात अडकणं, हे दिसलं तर मात्र हिरवा कागद असला तरी थांबू नका. मशीनपेक्षा चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्यातला बदल आधी कळतो. आण्णांच्या बायकोला कळलाच होता.

शिबिराच्या आयोजकांनी लाल किंवा हिरवा कागद मिळालेल्या सगळ्यांना पुन्हा बोलवावं, मूळ नोंदी एखाद्या न्यूरॉलॉजिस्टला किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाला दाखवून नव्यानं समजावून सांगावं, अशी लेखी मागणी मी आमच्या संघाकडे दिली आहे. संघाच्या पुढच्या बैठकीत ती चर्चेला यायची आहे. जुन्या पद्धतीची मोठ्या बटणाची पेटी बनवायला आमच्या महाविद्यालयातले निवृत्त प्रयोगशाळा सहायक तयार आहेत, आणि सरावाच्या फेऱ्या घ्यायला मी बसेन. ज्या ज्येष्ठांना असा अहवाल मिळाला आणि कुणाला विचारावं ते कळत नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक आपण या पत्राखाली ठळक छापावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सातारा